थेट प्रक्षेपणामागची पंचवीस वर्षे



चातुर्मासात आपल्यातल्या कितीतरी जणी आता प्रवचन मोबाईलवर थेट ऐकतात. २०२० च्या टाळेबंदीत देवळे बंद होती, तेव्हा याच सोयीचा आधार होता. ही सोय हातात येईपर्यंत पंचवीस वर्षे खटपट झाली, भांडणेही झाली. मी कॉमर्सची, त्यामुळे मला त्यातला हिशोब विशेष रंजक वाटतो.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून यायचे. पुढे आलेला वेगवान मोडेमसुद्धा ५६ किलोबिटचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७ किलोबाइट. तीन एमबीचे एक गाणे उतरायला सात मिनिटे लागत, आणि पूर्ण उतरल्याशिवाय ते वाजत नसे. हंडा काठोकाठ भरल्याशिवाय पाणी प्यायचे नाही, तसे.

त्याच १९९५ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या एका कंपनीने रिअलऑडिओ आणले. आवाज येत राहील तसतसा वाजत राहील, ही त्यातली नवलाई. ५ सप्टेंबर १९९५ रोजी सिएटल आणि न्यूयॉर्कच्या संघांमधला बेसबॉलचा सामना इंटरनेटवरून थेट ऐकवला गेला. तो फक्त आवाज होता. चित्र यायला १९९७ उजाडले.

पण खर्च मोठा होता. ऐकवणाऱ्याला खास सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागे आणि एका वेळी किती जण ऐकणार यावर त्याची किंमत ठरे. म्हणजे श्रोते वाढले की खर्च वाढलाच! एखाद्या छोट्या संस्थेला हे कसे परवडणार? शिवाय प्रत्येक कंपनीचा प्लेअर वेगळा. एकाची फाईल दुसऱ्यात चालेलच याची खात्री नाही.

त्यातून वाट काढली फ्लॅशने. कार्टून आणि खेळांसाठी ते आधीच बहुतेक संगणकांत होते. २००२ मध्ये त्यात व्हिडिओची सोय आली. २००५ साली तीन तरुणांनी यूट्यूब काढले ते याच फ्लॅशच्या भरवशावर. तिथला पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींसमोरचा, फक्त १९ सेकंदांचा. पुढच्याच वर्षी गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरना घेण्याचा व्यवहार केला.

मात्र फ्लॅशची किल्ली एकट्या अडोबी कंपनीच्या हातात होती. २००७ च्या आयफोनमध्ये फ्लॅश चालत नव्हते. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून कारणे दिली: बॅटरी लवकर संपते, सुरक्षितता कमी आणि सगळे एका कंपनीच्या ताब्यात. (त्यांची स्वतःची कंपनीही काही फार मोकळ्या हाताची नव्हती, हा भाग वेगळा!) दरम्यान २००७ मध्येच ऑपेरा ब्राउझरवाल्यांनी सुचवले होते की, वेबपानावर जसे चित्र लावता येते तसाच व्हिडिओही लावता यावा, वेगळा प्लेअर नको. ही कल्पना एचटीएमएल५ मध्ये आली आणि ते ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिकृत मानक झाले. व्हिडिओ दाबून लहान करायची कोणती पद्धत वापरायची, यावर मात्र शेवटपर्यंत एकमत झाले नाही. कारण सर्वात चालती पद्धत पेटंटमध्ये अडकलेली होती. जानेवारी २०१५ पासून यूट्यूबनेही नवीन ब्राउझरांसाठी फ्लॅशऐवजी एचटीएमएल५ स्वीकारले.

दुसरा मोठा बदल झाला पाठवण्याच्या रीतीत. २००९ मध्ये ॲपलने आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून डॅशने एक युक्ती रुळवली. एकाच व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा घागर, कळशी, तांब्या अशा वेगवेगळ्या मापांत ठेवायचा. नेट चांगले असेल तर फोन घागर उचलतो, नेट मंदावले की तांब्या. म्हणून चित्र मध्येच धूसर होते, पण ते गोल फिरणारे चक्र पूर्वीइतके दिसत नाही. हे तुकडे साध्या वेब सर्व्हरवरून जातात आणि त्यांच्या प्रती गावोगावच्या केंद्रांत ठेवता येतात. एका श्रोत्यामागचा खर्च उतरला तो इथे.

या तुकड्यांमुळेच थेट प्रक्षेपण थोडे मागे असते. देवळात बसलेली जाऊ फोनवर सांगते, "आरती झाली," आणि आपल्या पडद्यावर ती अजून चालूच असते! व्हिडिओ कॉलला असा उशीर चालत नाही. त्यासाठी वेगळे तंत्र आहे, वेबआरटीसी. गूगलने ते २०११ मध्ये सर्वांना खुले केले. त्यात उशिरा आलेला भाग सोडून देऊन पुढे जातात, म्हणून नातवंडांचे बोलणे कधीकधी तुटते.

३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅश कायमचे बंद केले. कितीतरी वर्षांची कार्टून, खेळ आणि शाळांचे धडे एकदम उघडेनासे झाले. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने त्यातले काही वाचवले, पण सगळे कसे वाचणार? त्याच वर्षी २९ जूनला भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या बायकांनी हौसेने केलेले व्हिडिओ इथे दिसेनासे झाले. बंदीची कारणे काही असोत, ज्यांनी प्रत जवळ ठेवली नव्हती त्यांच्या हाती काही उरले नाही.

प्रत ठेवण्याचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. षट्खंडागमाच्या ताडपत्रीय प्रती मूडबिद्रीला जपल्या गेल्या. पुढे त्यांच्या नकला झाल्या आणि हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला छापील खंड काढला, तेव्हा तो ग्रंथ सर्वांपर्यंत पोहोचला.

म्हणून सांगते, सासूबाईंच्या आवाजातली स्तवने, मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ, महाराजांचे आवडते प्रवचन हे फक्त ॲपच्या भरवशावर सोडू नका. आपण स्वतः घेतलेल्या चित्रीकरणाची साधी एमपी४ फाईल करा, नाव आणि तारीख घाला, आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक पेनड्राइव्ह घरात, दुसरा लेकीकडे. दर दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही एकदा उघडून बघा. कपाट आवरतो, तसेच हेही आवरायचे.