आरतीची पट्टी

घरी म्हटल्या जाणाऱ्या आरतीला ठरलेली पट्टी नसते. वडीलधारं माणूस जो सूर लावेल तो सगळ्यांचा. कुणाला तो चढतो, कुणाला खाली पडतो, मुलं मधूनच कुठून तरी उचलतात. लयीचंही तेच. गणपतीची आरती संथ, शंकराची येईतो टाळ्या घट्ट झालेल्या, आणि ‘घालीन लोटांगण’पर्यंत झांजांची नुसती घाई.

ही सैल व्यवस्था एका ध्वनिमुद्रणाने बांधून टाकली. रामदासांची ‘सुखकर्ता दुःखहर्ता’, आवाज लता आणि उषा मंगेशकरांचे, मागे कोरस, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. बेंगळुरूसारख्या ठिकाणी, जिथे आजी-आजोबा पुण्याला किंवा बेळगावला आणि आपण तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, तिथे वडीलधाऱ्याचं काम हे ध्वनिमुद्रणच करतं. सूर तेच लावतं. तो बायकांच्या गळ्याचा, उंच. पुरुष मंडळी एक तर सप्तक खाली उतरतात किंवा नुसत्या टाळ्या वाजवतात.

माझं लक्ष मात्र लयीकडे आणि रागाकडे जातं. ही चाल जोगियातली मानली जाते. जोगिया भैरव थाटातला, पहाटेचा राग. रिषभ आणि धैवत कोमल, भाव करुण. ढोल-ताशांच्या सणाला असा राग का, हा प्रश्न मला पडला तो आरतीचा अनुवाद करताना. सुरुवातीची कडवी देवाच्या रूपाची, दागिन्यांची, झळाळीची आहेत. शेवटच्या कडव्यात मात्र एक भक्त घरात वाट पाहत बसला आहे आणि संकटात धावून ये म्हणतो आहे. घरच्या घाईत हे कडवं टाळ्यांखाली जातं, तोवर प्रसादाच्या वाटीकडेही लक्ष गेलेलं असतं. ध्वनिमुद्रणाची संथ लय आणि जोगियाचे कोमल सूर यांमुळे सगळी आरतीच त्या वाट पाहणाऱ्याच्या तोंडची होते. एकाच मजकुराची ही दोन वाचनं आहेत. मला दुसरं अधिक खोल वाटतं, पण म्हणून पहिलं चूक ठरत नाही. तेच अधिक जुनं असणार.

मजकूर जपायचा आणि चाल मोकळी सोडायची, ही सवय तर दक्षिणेत स्पष्टच दिसते. रामदास (१६०८–१६८१) हयात असताना बेंगळुरू भोसल्यांकडे होतं. १६३८ नंतर शहाजीराजे इथे राहिले. त्यांचे पुत्र व्यंकोजी म्हणजेच एकोजी यांच्या देणगीचा १६६९चा शिलालेख मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाशी जोडलेला आहे. पुढे व्यंकोजींनी तंजावरला गादी स्थापली. तिथे रामदासी मठ उभे राहिले आणि मराठी कीर्तनातली साकी, दिंडी, अभंग ही वृत्तं तमिळ हरिकथेत शिरली. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला गेले आणि त्यांच्या कीर्तनाने कृष्ण भागवतरांच्या हरिकथेला वळण दिलं. (ज्या मोरगावच्या मयूरेश्वरापुढे रामदासांना ही आरती सुचली असं परंपरा सांगते, त्याच गावाचं हे आडनाव.) वृत्तं तीच राहिली, राग मात्र कर्नाटकी झाले. कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

बेंगळुरूत तर ऐकणारा कानही वेगळा. आमच्या मजल्यावर कर्नाटक संगीत शिकवणाऱ्या बाई आहेत. गौरी त्यांच्याकडे आदल्या दिवशीच बसते, गणपतीला कडुबू होतात, आणि आरतीला त्या आमच्याकडे येतात. स्पीकरवरची आरती ऐकून त्या म्हणाल्या, ‘सावेरीसारखं वाटतंय.’ सावेरी मायामालवगौळातून निघालेला राग. आरोहात जोगियासारखाच गंधार टाळणारा. आणि मायामालवगौळ म्हणजे तिथली बाराखडी. सुरुवातीचे धडे त्याच रागात बांधायची पद्धत पुरंदरदासांनी घालून दिली असं मानतात. ज्या कोमल रिषभ-धैवताने माझा गळा दाटून येतो, त्यावर त्यांच्याकडची सहा वर्षांची मुलं रोज संध्याकाळी स्वर घोटतात, आणि त्यांना त्यात दुःख बिलकूल ऐकू येत नाही.

त्या बाईंनी यंदा स्पीकर बंद करायला सांगितलं. श्रुतिपेटी आणली, पट्टी बरीच खाली घेतली. पहिलं कडवं आम्ही चाचपडतच म्हटलं. दुसऱ्यापासून पुरुषांचे आवाजही ऐकू यायला लागले.