नऊ सामने जिंकून नारळ

अमेरिकेत शिकून आलेल्या माणसाकडून लोकांना न्यूयॉर्कच्या नाहीतर कॅलिफोर्नियाच्या गोष्टी ऐकायच्या असतात. माझ्याकडे नेब्रास्काच्या आहेत. म्हणजे मका, गाईगुरं, हाडं गोठवणारा वारा आणि फुटबॉल. पहिल्या तिन्हींबद्दल या ब्लॉगवर बरंच लिहून झालंय, चौथ्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. परवा आमच्या एका मावसभावाने विचारलं, "काय रे, तुमची ती टीम अजून हरतेच का?" म्हटलं, याचं उत्तर एका ओळीत देता येणार नाही.

आधी घरच्यांसाठी थोडं. हा फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नव्हे. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात धरून पळायचा तो. आणि कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असतात तसलंही काही नाही. लिंकन शहरातलं विद्यापीठाचं स्टेडियम सामन्याच्या दिवशी भरलं की ओमाहा आणि लिंकन खालोखाल ते राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं असं तिथे कौतुकाने सांगतात. नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली जात आली आहेत. राज्याची वस्ती जेमतेम वीस लाख, मोठ्या लीगमधला व्यावसायिक संघ एकही नाही. जे काय आहे ते हेच. संघाचं नावसुद्धा कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे!

मी २००२ ते २००५ तिथे एम.एस.ला होतो. त्यामुळे ज्या घटनेबद्दल लिहायचंय ती माझ्या डोळ्यांसमोर घडली. २८ नोव्हेंबर २००३, थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार. नेब्रास्काने मोसमातला शेवटचा साखळी सामना कोलोरॅडोच्या मैदानावर ३१-२२ असा जिंकला. एकूण हिशेब नऊ विजय, तीन पराभव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोच फ्रँक सोलिच यांना नारळ मिळाला.

नऊ जिंकून नारळ! आम्ही देशी मुलं तर चक्रावूनच गेलो. माझे घरमालक (सत्तरीचे शेतकरी, स्टेडियममधल्या त्यांच्या जागा वडिलांपासून चालत आलेल्या) दोन दिवस नीट बोलत नव्हते. गंमत म्हणजे हेच गृहस्थ आदल्या महिनाभर सोलिचच्या नावाने बोटं मोडत होते.

सोलिच कोणी उपरे नव्हते. साठच्या दशकात याच संघातून खेळलेले, बुटके पण चिवट. १९७९ पासून इथेच सहायक कोच. १९९७ च्या शेवटी टॉम ऑस्बर्न निवृत्त झाले तेव्हा त्यांनीच सोलिचना आपल्या जागी बसवलं. सहा वर्षांत ५८ विजय, १९ पराभव. २००१ च्या मोसमात संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला, आणि त्यांच्या एरिक क्राउचला त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळते ती) मिळाली.

मग घोडं कुठे पेंड खात होतं? तर त्याच २००१ मध्ये शेवटच्या साखळी सामन्यात कोलोरॅडोने ६२-३६ असं झोडपलं, आणि अंतिम सामन्यात मायामीने ३७-१४. २००२ साली सात विजय, सात पराभव. १९६९ पासून सलग तेहेतीस मोसम नेब्रास्काने दरवर्षी किमान नऊ सामने जिंकले होते. ती परंपरा मोडली. २००३ मध्ये पुन्हा नऊ झाले खरे, पण ते तीन पराभव फार वाईट होते. मिझुरीकडून ४१-२४, टेक्ससकडून ३१-७, कॅन्सस स्टेटकडून घरच्या मैदानावर ३८-९. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे संचालक स्टीव्ह पेडरसन जेमतेम वर्षभरापूर्वी आले होते. तेही नेब्रास्काचेच. पत्रकार परिषदेत त्यांनी सांगितलं की हा संघ सुमारपणाकडे घसरू देणार नाही, आणि ओक्लाहोमा नि टेक्ससच्या हाती लीग सोपवून बसणार नाही.

हे वाक्य तिथे अजून लोकांच्या तोंडी आहे. पण पेडरसन यांना नुसतं खलनायक करून भागत नाही. त्यांना दिसत होतं ते अगदीच खोटं नव्हतं. वीस लाखांच्या राज्यात अव्वल खेळाडू कितीसे तयार होणार? ते टेक्ससहून, कॅलिफोर्नियाहून आणावे लागतात. पूर्वी नेब्रास्काकडे त्यावर दोन हुकमी पत्ते होते. एक म्हणजे शिष्यवृत्ती न घेता स्वखर्चाने संघात येणारी खेड्यापाड्यातली शेकडो मुलं. दुसरा म्हणजे व्यायामशाळा. १९६९ साली बॉइड एपली नावाचा माणूस खास वजनं उचलायला शिकवण्यासाठी नेमला गेला, तेव्हा इतर कॉलेजांत असं पद फारसं कोणाला माहीतच नव्हतं. (तेहेतीस वर्षांची ती नऊ विजयांची मालिका त्याच वर्षी सुरू होते हे मला फार बोलकं वाटतं.) पण २००३ पर्यंत अशी व्यायामशाळा सगळ्यांकडे झाली होती. शिष्यवृत्त्यांवर मर्यादा आल्या, आणि टीव्हीमुळे कुठलाही संघ कुठल्याही मुलाला घरबसल्या दिसू लागला. नेब्रास्काचा हात वर राहण्याची कारणं एकेक करून संपत होती. कोच बदलून त्यातलं एकही कारण परत येणार नव्हतं.

आणि आता मुद्द्याचं. सुमारपणा कशाच्या तुलनेत? लोकांच्या डोक्यात मोजपट्टी होती ती १९९३ ते १९९७ या पाच मोसमांची. त्या काळात नेब्रास्का ६० सामने जिंकली आणि फक्त ३ हरली. तीन राष्ट्रीय विजेतेपदं, १९९४, १९९५ आणि १९९७. हे शिखर होतं, पण पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्याला सरासरी समजू लागले होते. मी गेलो तेव्हा कॅम्पसवरची मुलं अठरा-वीस वर्षांची. त्यांना कळायला लागल्यापासून त्यांनी दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

पण ज्यांनी पाहिलं होतं त्यांचं काय? नेब्रास्काचा इतिहास वाचताना सगळ्यात मजा इथे येते. पन्नाशीच्या दशकात हा संघ अगदी सामान्य होता. १९६२ साली बॉब डेव्हनी आले आणि चित्र पालटलं. तरी १९६७ आणि १९६८ मध्ये लागोपाठ सहा विजय, चार पराभव अशी गाडी अडकली. १९६८ चा शेवट ओक्लाहोमाकडून ४७-० ने झाला. कुरबूर जोरात सुरू झाली. डेव्हनींना कोणी काढलं नाही. त्यांनी आक्रमणाची रचनाच बदलली, ते काम ऑस्बर्न नावाच्या तरुण सहायकाकडे सोपवलं, आणि १९७० व १९७१ अशी दोन विजेतेपदं आणली.

पुढे १९७३ मध्ये तोच ऑस्बर्न मुख्य कोच झाला. शैक्षणिक मानसशास्त्रातला पीएच.डी., शांत, आवाज न चढवणारा. आणि पहिली पाच वर्षं ओक्लाहोमाशी पाचही वेळा हरला! १९७८ मध्ये एकदाचं १७-१४ ने हरवलं, तर पुढच्याच आठवड्यात मिझुरीकडून हार. मोसमानंतर पुन्हा ओक्लाहोमाशीच गाठ पडली, पुन्हा हार. त्याच सुमारास तो कोलोरॅडोची नोकरी बघूनही आला होता, शेवटी गेला नाही. 'मोठा सामना याला जिंकता येत नाही' हा शिक्का मात्र बसला तो बसलाच.

२ जानेवारी १९८४ ची रात्र तर दंतकथाच आहे. ऑरेंज बोल, समोर मायामी. नेब्रास्का अपराजित आणि क्रमांक एक. शेवटच्या मिनिटात टचडाऊन करून ते ३१-३० असे एका गुणाने मागे. आता दोन पर्याय होते. साधी किक मारून एक गुण घ्यायचा आणि बरोबरी करायची, किंवा पुन्हा चेंडू रेषेपार नेऊन दोन गुण घ्यायचे. तेव्हा जादा वेळ नसायचा. बरोबरी केली असती तरी विजेतेपद बहुतेक पदरात पडलंच असतं. ऑस्बर्नने जिंकायला जायचं ठरवलं. पास मायामीच्या खेळाडूच्या हाताला लागून उडाला आणि विजेतेपद गेलं. माझे घरमालक हा प्रसंग सांगताना हरल्याचं दुःख सांगायचे नाहीत, आम्ही बरोबरी मागितली नाही हे सांगायचे.

यानंतरही दहा वर्षं काही नाही. १९८८ ते १९९४ या सात वर्षांत मोसमाअखेरचे निमंत्रणाचे सामने, ज्यांना बोल म्हणतात, ते सलग सात हरले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं ते १९९४ च्या मोसमात, म्हणजे ऑस्बर्नच्या बाविसाव्या वर्षी. पंचवीस वर्षांची त्याची बेरीज २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. (देवमाणूस वगैरे म्हणायची मला घाई नाही. १९९५ मध्ये माजी मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल अटक झालेल्या लॉरेन्स फिलिप्सला त्याने त्याच मोसमात परत संघात घेतलं. विजेतेपदाच्या आनंदात तिथले लोक त्याबद्दल बोलायचं टाळतात.)

विचार करा, २००३ ची मोजपट्टी १९७८ ला लावली असती तर? ऑस्बर्न गेला असता. १९६८ ला लावली असती तर डेव्हनी गेला असता. ज्या विजेतेपदांच्या नावाने सोलिचना घालवलं त्यातलं एकही त्या मोजपट्टीत बसून आलेलं नव्हतं. आणि हे टिकले कसे, तर त्यालाही साधं कारण आहे. १९६७ पासून क्रीडा विभागाचे संचालक स्वतः डेव्हनीच होते, ते १९९३ पर्यंत. म्हणजे आधी ते स्वतःचेच साहेब, नंतर ऑस्बर्नचे साहेब. लोक काहीही बोलोत, वर बसलेल्या माणसाने हरण्याची चव घेतलेली होती. सोलिचच्या डोक्यावर असं कोणी नव्हतं.

तसंही या खेळात राग काढायला कोचच सापडतो. खेळाडू विद्यार्थी असतात, चार-पाच वर्षांत निघून जातात. तेव्हा त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे पैसेही मिळायचे नाहीत, मग एकोणीस वर्षांच्या पोराला काय शिव्या घालायच्या? (आता तेही बदललं. २०२१ पासून ते आपल्या नावावर कमावू शकतात आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात.) कायम दिसणारा चेहरा एकच, आणि बऱ्याच राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात मोठा आकडाही त्याच्याच नावापुढे.

पुढची कथा भराभर सांगतो, कारण ती सांगायलाही कंटाळा येतो. चाळीस दिवस शोधाशोध करून बिल कॅलहन आले, व्यावसायिक फुटबॉलमधून. पहिल्याच वर्षी पाच विजय, सहा पराभव. १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा मोसम, आणि सलग ३५ वर्षं बोलला जाण्याची परंपराही संपली. त्या वर्षी टेक्सस टेकने ७०-१० ने धुतलं तेव्हा आमच्या लॅबमधल्या एका नेब्रास्कन मुलाने टोपी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि परत घातली नाही. २००७ च्या ऑक्टोबरात पेडरसन गेले, नोव्हेंबरात कॅलहन. संचालक म्हणून सत्तरीच्या ऑस्बर्नना परत बोलावलं. त्यांनी बो पेलिनींना आणलं. पेलिनींनी सात वर्षांत प्रत्येक मोसमात नऊ किंवा दहा सामने जिंकले. नोव्हेंबर २०१४ मध्ये, ऑस्बर्न निवृत्त झाल्यावर, नव्या संचालकांनी त्यांना काढलं. तेव्हाचा हिशेब? नऊ विजय, तीन पराभव. मी चूक लिहिलेलं नाही, पुन्हा तेच आकडे.

त्यानंतर माइक रायली, १९ विजय आणि १९ पराभव. मग स्कॉट फ्रॉस्ट, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, गावचा पोरगा. त्याच्या आगमनाचा जल्लोष मी इथून बघत होतो. १६ विजय, ३१ पराभव. ११ सप्टेंबर २०२२ ला त्यालाही काढलं. तीन आठवडे थांबले असते तर करार मोडल्याची रक्कम दीड कोटी डॉलरवरून निम्मी झाली असती, पण तेवढाही धीर नव्हता. आणि हे एकट्या नेब्रास्काचं नाही. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये कोचला घरी पाठवलं तेव्हा त्याचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होते. न शिकवण्याचे! मॅट रूल यांच्या संघाने २०२४ मध्ये सात सामने जिंकले आणि आठ वर्षांनी बोलला गेला, तर लिंकनमध्ये सण असल्यासारखं वातावरण होतं म्हणे. सात! २००२ साली याच आकड्याला सुतक होतं.

सोलिच यांचं काय झालं ते राहिलंच. ते ओहायो विद्यापीठात गेले, तुलनेने लहान संघ. २००५ ते २०२० असे सोळा मोसम तिथेच राहिले, ११५ सामने जिंकले, आणि त्या लीगमध्ये सर्वांत जास्त सामने जिंकणारे कोच ठरले. तिथलं मैदान आता त्यांच्या नावाचं आहे. नेब्रास्काच्या स्टेडियममध्ये मात्र ते इतकी वर्षं परतले नव्हते. २०२४ च्या एप्रिलमध्ये वसंतातल्या सरावसामन्याला विद्यापीठाने त्यांना सन्मानाने बोलावलं, आणि ते आले. वय एकोणऐंशी. माझे घरमालक आता नाहीत, त्यांच्या जागांवर त्यांचा मुलगा बसतो. त्याने मला फोटो पाठवला, खाली एवढंच लिहिलं होतं की सगळे उभे राहिले होते.