शेजारच्या कुत्र्याची तक्रार: कायद्याचा मागोवा

मुंबईत जून 1832 मध्ये पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा कोट भागातील पारशी रस्त्यावर उतरले. तो रोष सरकारवर होता. घरात बांधलेल्या कुत्र्यावर मालकच अन्याय करत असेल तर काय, हा प्रश्न बराच नंतरचा. ब्रिटनमध्ये 1822 च्या कायद्याने गुराढोरांना संरक्षण दिले. कुत्र्यांना ते 1835 मध्ये मिळाले. मुंबईत 1874 मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली. पुढे परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले.

स्वतंत्र भारताचा कायदा 1960 चा. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेला आग्रह होता. त्याच्या कलम 11 मध्ये शेजाऱ्याच्या कानी पडणारे दुःख नेमके टिपलेले आहे: आखूड वा जड साखळीने बराच वेळ बांधणे, अन्नपाणी न देणे आणि कायम बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे. ही शेवटची तरतूद फार मोलाची. मारहाण दिसते, कोंडमारा दिसत नाही.

शिक्षा मात्र खेदजनक: पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड. हे गुन्हे अदखलपात्र असल्याने पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. शिवाय खटला गुन्ह्यापासून 3 महिन्यांच्या आत भरावा लागतो. त्यामुळे तक्रार करावी की नाही, याचा निर्णय शेजाऱ्याला फार काळ लांबवता येत नाही.