बैल दोन, जू एक

1997 च्या पावसाळ्यातली गोष्ट. तेव्हा चिखलीच्या बाजारपेठेत माझे एसटीडी-पीसीओ होते. पिवळा फलक, काचेची केबिन, बिलाची पट्टी काढणारे यंत्र आणि रात्री अकरानंतर पाव दर लागतो म्हणून तेव्हाच होणारी गर्दी. एक लाइन बंद पडली तर धंदा बसू नये, म्हणून मी कर्ज काढून दुसरी लाइन घेतली होती. दोन फोन असलेला बूथ म्हणून आसपासच्या दुकानांत माझा थोडा तोराही होता.

एका रात्री खेड्यावरून एक तरुण धावत आला. बहीण औरंगाबादच्या दवाखान्यात होती, रक्ताची सोय करायला नातेवाइकांना कळवायचे होते. पहिला फोन उचलला, मुका. "भाऊ, दुसऱ्यावरून पाहा ना," तो म्हणाला. दुसराही मुका. त्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती आणि माझ्या दोन्ही लाइनी त्याच केबलमधून येत होत्या. तो तरुण बस स्टँडकडे पळाला. तिथल्या बूथवर एकच फोन होता, पण तो दुसऱ्या केबलवर होता. त्याचे काम तिथे झाले.

बहिणीचे पुढे काय झाले ते मला कधी कळले नाही. पण दोन फोनांना जे जमले नाही ते एका फोनने कसे केले, हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. बूथ बंद पडल्यावर मिळेल ते वाचत गेलो. इंजिनिअरिंगचे शिक्षण नसल्याने वेळ लागला, पण दूरध्वनीचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो, हे हळूहळू ध्यानात आले.

मुंबईत टेलिफोन एक्सचेंज आले ते 1882 साली. त्या काळी जोडणी माणसाच्या हातात असे. ट्रंक कॉल लावताना सरळ मार्ग मिळाला नाही, तर ऑपरेटर दुसऱ्या गावामार्गे प्रयत्न करी. म्हणजे पर्याय शोधण्याचे काम माणसाची अक्कल करत होती. पण माणसालाही मर्यादा होती. 10 नोव्हेंबर 1935 रोजी लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर आग लागली, तेव्हा अग्निशामक दलासाठी आलेला फोन एक्सचेंजच्या रांगेत अडकून राहिला. आगीत पाच स्त्रिया गेल्या. त्यातून 30 जून 1937 रोजी 999 हा क्रमांक सुरू झाला. या क्रमांकावर फोन आला की एक्सचेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. तिथे तारही तुटली नव्हती आणि यंत्रही बिघडले नव्हते, फक्त गर्दी होती. यंत्रणा धडधाकट असूनही गरजेच्या क्षणी हाती लागत नसेल, तर ती बंद असल्यासारखीच, हा धडा तेव्हा मिळाला.

गर्दीचे गणित त्याआधीच मांडले गेले होते. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर क्रारुप एर्लांग या गणितज्ञाने 1909 साली त्यावर पहिला निबंध लिहिला. किती फोन येतात, प्रत्येक किती वेळ चालतो आणि त्यासाठी किती वाटा हव्यात, याचा हिशेब त्याने घालून दिला. कॉल सेंटरमध्ये किती माणसे बसवायची, हे आजही त्याच पायावर ठरते.

पुढे यंत्राने माणसाची जागा घेतली, तेव्हा ऑपरेटरची अक्कलही यंत्रात घालणे भाग पडले. अमेरिकेत 1965 साली न्यू जर्सीतल्या सक्कासुना गावी संगणकावर चालणारे मोठे इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज सुरू झाले. ते बांधणाऱ्या बेल प्रयोगशाळेने लक्ष्य ठेवले होते, चाळीस वर्षांत मिळून फक्त दोन तास बंद! त्यासाठी मुख्य संगणक दोन ठेवले. दोघे एकच काम एकाच वेळी करत आणि उत्तरे ताडून पाहत. उत्तर जुळले नाही की चुकणारा कोण ते शोधून त्याला बाजूला काढले जाई आणि दुसरा काम चालू ठेवी. एकाने मान टाकली की दुसऱ्याने भार उचलायचा, यालाच आज फेलओव्हर म्हणतात.

दोघांचा हिशेब मोठा सुखावणारा आहे. शंभरातले नव्व्याण्णव तास चालणारी एक लाइन वर्षाकाठी सुमारे साडेतीन दिवस बंद राहते. तशाच दोन लाइनी घेतल्या तर दोन्ही एकदम बंद असण्याची वेळ वर्षात 53 मिनिटांवर येते. खर्च दुप्पट आणि फायदा शंभरपट! पण या गणितात एक अट आहे. दोन्हींच्या बिघाडाचा एकमेकांशी संबंध नसावा. दोन्ही लाइनी नव्व्याण्णव टक्के चालणाऱ्या एकाच केबलमधून आणल्या, की आपण पुन्हा साडेतीन दिवसांवर येतो. माझ्या बूथचे नेमके हेच झाले होते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर बैल दोन होते, पण जू एकच. जू मोडले की दोन्ही बैल जागच्या जागी उभे.

जू नेहमी डोळ्यांना दिसतेच असे नाही. 15 जानेवारी 1990 रोजी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचे दूर पल्ल्याचे जाळे कोसळले. न्यूयॉर्कमधले एक एक्सचेंज किरकोळ बिघाडाने काही क्षण थांबले आणि पुन्हा सुरू झाले. सुरू झाल्याचा निरोप शेजाऱ्यांना गेला. तो निरोप हाताळण्याच्या आज्ञावलीत चूक होती, म्हणून शेजारी थांबले. तेही सावरले, त्यांनी निरोप दिले आणि पुढचे थांबले. अशी 114 एक्सचेंजेस नऊ तास पडत-उठत राहिली. प्रत्येकाची इमारत, वीज आणि शहर वेगळे होते. पण काही आठवड्यांपूर्वी सगळ्यांत भरलेली आज्ञावली एकच होती. त्यांचे जू तेच होते.

आपल्याकडे ऑगस्ट 1984 मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने बनवलेले खेड्यांसाठीचे 128 लाइनींचे पहिले एक्सचेंज जुलै 1986 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसले. वातानुकूलनाशिवाय, धूळ आणि उन्हाळा सोसत चालेल, असे ते घडवले होते. मला यातले शहाणपण फार मोठे वाटते. सोबत राखीव यंत्र देणे हा अखंडतेचा एक मार्ग, आणि यंत्र ज्यावर अवलंबून आहे अशा गोष्टीच कमी करणे हा दुसरा. वातानुकूलनाची गरजच नसेल, तर ते बिघडण्याची चिंताही नाही.

आता आजच्या महाराष्ट्राकडे येऊ. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईच्या अनेक भागांत वीज गेली आणि तिच्या पाठोपाठ फोनही गेले. ज्या दिवशी मदतीचा फोन सर्वांत जास्त लावला जातो, नेमक्या त्याच दिवशी तो लागत नाही. राज्यात 112 ही एकत्रित आपत्कालीन सेवा 2021 साली सुरू झाली. तिचे प्राथमिक केंद्र नवी मुंबईत महापे येथे आणि दुय्यम केंद्र नागपूरला आहे. चिखलीच्या माणसाने 112 फिरवले, तर आधी अशा दूरच्या केंद्रात उत्तर मिळते आणि मग बुलढाणा जिल्ह्यातले पोलिसांचे वाहन निघते. अनेकांना हा द्राविडी प्राणायाम वाटतो. मला त्यात माझ्या बूथच्या प्रश्नाचे उत्तर दिसते. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, तेव्हा नागपूरचे दिवे चालू होते. कोकणातला पाऊस आणि विदर्भातला पाऊस सहसा एकाच दिवशी बुडवत नाही. दोन केंद्रांमधले शेकडो किलोमीटरचे अंतर हीच त्यांची खरी ताकद आहे.

पण अंतराने सगळे भागत नाही. जगात कुठेही अशी जोडकेंद्रे उभारताना तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिला, जोडीदार गेला हे कळणार कसे? त्यासाठी दोन्ही बाजू ठरावीक क्षणांनी एकमेकींना 'मी आहे' असा संकेत पाठवतात. पण संकेत नाही आला, तर जोडीदार मेला की मधली तार तुटली, हे एकट्याला ठरवता येत नाही. दोघेही स्वतःला मुख्य समजू लागले तर गोंधळ उडतो. म्हणून तिसऱ्या जागी एक साक्षीदार ठेवतात. दुसरा प्रश्न भाराचा. उदाहरणादाखल, दोन्हीकडे शंभर-शंभर खुर्च्या आहेत आणि ऐंशी-ऐंशी गुंतलेल्या आहेत असे धरा. एक केंद्र पडले तर 160 फोन शंभर खुर्च्यांवर येतात आणि विम्पोल स्ट्रीटची रांग पुन्हा उभी राहते. म्हणून निम्म्या खुर्च्या एरवी मोकळ्या दिसल्या तर तो अपव्यय समजू नये. तिसरा प्रश्न सरावाचा. राखीव यंत्रणा कधी वापरलीच नाही, तर ती चालते की नाही हे संकटाच्या दिवशीच कळते. यात्रेच्या आदल्या दिवशी ज्या बैलाला पहिल्यांदा गाडीला जुंपले, त्याच्या भरवशावर कोणी देवदर्शनाला निघत नाही.

आणि शेवटचा टप्पा उरतोच. महाप्याला आणि नागपूरला कितीही राखीव ठेवले, तरी आपल्या गावातून फोन बाहेर पडला पाहिजे. गावात दोन कंपन्यांचे टॉवर असतील, पण दोघांच्या फायबर केबल रस्त्याच्या एकाच कडेने एकाच चरातून जात असतील, तर 1997 ची रात्र पुन्हा येऊ शकते. टॉवरच्या बॅटऱ्या किती तास टिकतात, दवाखान्यातली दुसरी लाइन कोणत्या रस्त्याने आत येते, जनरेटर शेवटचा कधी सुरू करून पाहिला, हे विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही. ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत कोणीही विचारू शकतो. मी हल्ली विचारतो. "आमच्याकडे दोन आहेत," हे उत्तर मला बहुतेक ठिकाणी मिळते. तेव्हा मी पुढचा प्रश्न विचारतो, "दोन्ही येतात कुठून?"

माझ्या बूथची जागा आता मोबाइलच्या दुकानाने घेतली आहे. तिथून जाताना मला माझे ते दोन मुके फोन आठवतात आणि बस स्टँडवरचा तो एकच चालू फोनही आठवतो. दोन लाइनींसाठी मी कर्ज काढले, पण त्या कोणत्या वाटेने येतात हे विचारायला एक पैसाही लागणार नव्हता. तो प्रश्न मी तेव्हा विचारला नाही.