हवेचा शिकंजा

लाकूड तासणे आणि जोडणे यांपेक्षाही लाकडावर लाकडाचाच पातळ पापुद्रा चढविणे हे सुतारकामातील अधिक नाजूक काम होय. ही कला पुरातन आहे. इजिप्तच्या तूतनखामून राजाच्या थडग्यातील सामानावर आबनूस व हस्तिदंत यांचे पापुद्रे जडविलेले आढळले. म्हणजे तिला तीन हजारांहून अधिक वर्षे लोटली. परंतु कारागिरांपुढील मुख्य अडचण तेव्हापासून एकच राहिली, आणि ती म्हणजे दाबाची. सरस सुकेपर्यंत पापुद्रा सर्वत्र सारखा दाबून धरला नाही, तर जेथे दाब उणा पडेल तेथे फुगवटा राहतो आणि पुढे तो तेथूनच सुटू लागतो. सपाट फळी असल्यास शिकंजे आणि वजने यांनी निभावते. पृष्ठभाग वक्र असला की शिकंज्याचे काही चालत नाही. म्हणून युरोपातील कारागीर वक्र भागावर तापविलेल्या वाळूच्या पिशव्या ठेवून वेळ साजरी करीत.

या अडचणीवरील उपाय वस्तुतः प्रत्येकाच्या माथ्यावर सदैव होता. तो म्हणजे हवा. जर्मनीतील मागडेबुर्गचा नगराध्यक्ष ऑटो फॉन गेरिके याने सतराव्या शतकात दोन पोकळ अर्धगोल एकमेकांवर बसवून आतील हवा पंपाने काढून घेतली, तेव्हा दोन्ही बाजूंना घोडे जुंपूनही ते विलग होईनात. बाहेरची हवाच त्यांना दाबून धरीत होती. समुद्रसपाटीवर हा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोग्रॅम, म्हणजे १ चौरस मीटर फळीवर सुमारे १० टन भरतो. एरवी तो दोन्ही अंगांनी सारखा असल्यामुळे जाणवत नाही. सरस लावलेले लाकूड हवाबंद पिशवीत घालून आतील हवा शोषून घेतली, तर हा भार त्याच्या प्रत्येक वळणावर सारखा पडतो. उलट, भक्कम साच्यात लाकूड ठेवून त्यावरील रबरी पिशवीत हवा भरली, तरीही कार्य तेच घडते. १९२७ साली प्रथम उडालेल्या लॉकहीड व्हेगा विमानाच्या लाकडी धडाचे दोन अर्धे भाग काँक्रीटच्या साच्यात या दुसऱ्या रीतीनेच घडविले होते.

कारखान्यातील ही युक्ती घरातील एका खोलीत कशी आली, त्याचा वृत्तांत उद्बोधक आहे. १९४० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने घरगुती सामानाच्या रचनेची स्पर्धा भरविली. तीत चार्ल्स ईम्स आणि एरो सारिनेन यांनी पाठ व आसन मिळून एकच वळणदार कवच असलेल्या खुर्च्या सुचविल्या व पारितोषिक मिळविले. परंतु एकाच वेळी दोन दिशांनी वळविलेले लाकूड तडकू लागले, आणि दोष झाकण्यासाठी त्यावर गादीकाम करावे लागले. बक्षीस मिळाले, प्रश्न मात्र सुटला नाही.

१९४१ साली चित्रकर्ती रे कायझर हिच्याशी विवाह करून ईम्स लॉस एंजेलिसला आला. दिवसा तो एका चित्रपटसंस्थेत नोकरी करी. उरलेल्या वेळात पतिपत्नी भाड्याच्या घरात यंत्र जुळवीत. टाकाऊ लाकडाचा सांगाडा, प्लास्टरचा साचा, तो तापविण्यासाठी विजेच्या तारा, रबरी पडदा आणि हवा भरण्यास सायकलचा साधा पंप, एवढीच त्याची सामग्री. सरस लावलेले पापुद्रे साच्यात रचावयाचे, यंत्र बोल्टांनी आवळावयाचे, हवा भरावयाची आणि सरस घट्ट होईपर्यंत कित्येक तास दाब टिकवावयाचा. जादूगाराच्या मंत्रावरून त्यांनी यंत्राला ‘कझाम’ हे नाव दिले.

खुर्ची साधण्यापूर्वीच युद्ध आले. जखमी पायाला बांधावयाचे धातूचे आधार रुग्णाला हलविताना कंप पावत आणि इजा वाढवीत, असे एका डॉक्टर स्नेह्याकडून ईम्सला कळले. त्याने स्वतःच्या पायाचा साचा घेऊन प्लायवूडचा हलका आधार घडविला. त्यात ठेवलेल्या फटींमुळे वळणावरील ताण हलका होई आणि त्यांतूनच पट्टी ओवून पाय बांधता येई. अमेरिकन नौदलाने १९४२ साली ५,००० आधार मागविले; युद्ध संपेपर्यंत सुमारे १,५०,००० तयार झाले.

युद्धानंतर खुर्चीही साधली, परंतु एकसंध कवचाचा हट्ट सोडल्यावर. १९४५-४६ च्या प्लायवूडच्या खुर्च्यांत आसन व पाठ वेगळी घडवून जोडली होती. लाकूड कोठवर वळते आणि कोठे नाही म्हणते, हे त्या घरगुती यंत्रानेच शिकविले होते. पुढे १९५८ साली भारत सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात याच दांपत्याने आपल्याकडील साध्या लोट्याच्या घडणीची मनापासून प्रशंसा केली. त्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय रचनासंस्था उभी राहिली.

आज लहान कारखान्यांतून, क्वचित घरांतूनही, प्लास्टिकची पिशवी आणि हवा शोषणारा पंप एवढ्यावर हे काम चालते. यंत्र साधे असले, तरी सांधा हवाबंद हवा, पापुद्रे नीट रचलेले हवेत आणि सरस घट्ट होईपर्यंत धीर हवा. भार वाहण्याचे काम हवा करते. बाकीचे कारागिराला करावे लागते.