एका वर्षात दोन केसरी

परवा गावाकडं गेलो होतो. आमच्या तालमीच्या भिंतीवर महाराष्ट्र केसरींचे फोटो ओळीनं लावलेत. अकरा वर्षांच्या पुतण्यानं विचारलं, "काका, २०२५ चा महाराष्ट्र केसरी कोण?" मी म्हटलं, "पृथ्वीराज मोहोळ." तो म्हणाला, "मग वेताळ शेळके कोण?"

दोन्ही बरोबर. फेब्रुवारीत अहिल्यानगरला एक स्पर्धा झाली, मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला दुसरी. त्याआधी २०२३ च्या नोव्हेंबरात तर एकाच महिन्यात फुलगावला सिकंदर शेख केसरी झाला आणि धाराशिवला शिवराज राक्षे. दोन संघटना, दोन आखाडे, दोन गदा. पैलवानांचा यात काय दोष? ते बिचारे दोन्हीकडं घामच गाळतात. पण भिंतीवर फोटो कुणाचा लावायचा, हे पोराला सांगता येईना. म्हणून हे लिहायला बसलो. थोडं मागं जावं लागेल.

१९०२ साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. त्याच प्रवासात असताना, २६ जुलै १९०२ ला, करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. हे आपल्याला पाठ असतं. त्याच दौऱ्यात महाराजांनी रोममधलं जुनं गोल प्रेक्षागृह पाहिलं, आणि तसं मैदान कोल्हापुरात व्हावं असं त्यांच्या मनानं घेतलं, हे तेवढं आठवत नाही. १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. मधे हौदा, भोवती वर वर चढत गेलेली बैठक. हजारो माणसं बसली तरी पुढच्याचा फेटा मागच्याच्या आड येत नाही.

मला हे दोन निर्णय एकाच माणसाचे वाटतात, एकाच विचाराचे वाटतात. आमचा आज्जा जत्रेतल्या कुस्त्या खेळलेला, दोन्ही कान मोडलेले. तो म्हणायचा, "पाठ लागली का न्हाई, हे खासबागेत सगळ्यात वरच्या पायरीवरनं बी दिसतंय. तितं पंचाला खोटं बोलाय येत न्हाई." राजानं पैलवानाला खुराक दिला, पंजाबातले मल्ल आणून कोल्हापूरच्या पोरांशी लढवले, तालमींना आसरा दिला, हे सगळं खरंच. पण सगळ्यांना सारखं दिसेल अशी जागा बांधली, हे मला त्याहून मोठं वाटतं.

संस्थान गेलं तेव्हा पैलवानाचा पोशिंदाही गेला. त्याची किंमत कुणी मोजली? खाशाबा जाधवांनी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी. १९४८ ला लंडनला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेला आणि मातीत वाढलेला असून गादीवर सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग त्यांनी काय केलं? कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि खर्डेकर सरांचे पैसे फेडले. पुढं पोलिसात नोकरी केली, १९८४ ला अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर.

म्हणजे राजा गेल्यावर पैलवानाच्या मागं उभं राहायला एक मास्तर आणि तिकीट काढून आलेली जनता, एवढेच होते.

ही पोकळी भरायला राज्याची कुस्तीगीर परिषद आली. मामासाहेब मोहोळांनी १९५३ साली ती उभी केली. १९६१ ला औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण, पश्चिम महाराष्ट्र, सगळ्यांचा मिळून एक किताब. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता शेवटी एकमेकांशी भिडणार आणि त्यातला एकच गदा खांद्यावर घेणार, ही पद्धत पुढं रूढ झाली. ती मला फार शहाणपणाची वाटते. मातीची कुस्ती वेगळी, गादीची वेगळी. जत्रेतल्या मातीत निकाली कुस्ती म्हणजे चितपट, मग वेळ कितीही लागो. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुण. दोघांनाही मान देऊन शेवटी माणूस एकच निवडायचा.

ती यादी एकदा सावकाश वाचा. १९६६ ला दीनानाथ सिंह, मूळचे उत्तर प्रदेशचे, कोल्हापूरच्या मातीत तयार झालेले. १९६७ आणि १९६८ ला चंबा मुतनाळ, बेळगावकडचे. १९७० आणि १९७१ ला दादू चौगुले. १९८० ला इस्माईल शेख. २०११ पासून सलग तीनदा नरसिंग यादव, त्यानंतर सलग तीनदा विजय चौधरी. २०१८ ला जालन्याला बाला रफिक शेख. या नावांना खांद्यावर घेताना कुणी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. फक्त पाठ लागली का, एवढंच पाहिलं. सरकारी समित्यांना जमलं नसतं ते या एका यादीनं करून दाखवलंय.

एक गोष्ट मात्र याच यादीत खटकते. महिला महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं. सांगलीला प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. पहिल्या केसरीनंतर बासष्ट वर्षांनी! पोरी काय त्या आधी जोर-बैठका मारत नव्हत्या?

आता मुद्द्यावर येतो. २०२५ ला अहिल्यानगरच्या गादीवर दोन्ही खांदे टेकले का नाही, यावरून वाद पेटला. पंचांवर हात-पाय उगारण्यापर्यंत गोष्ट गेली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचाला मारणं चूकच, त्यात दुमत नाही. पण वर्षभराची कमाई एका निर्णयावर जात असेल आणि तो निर्णय हजारो लोकांना नीट दिसत नसेल, तर संशय राहणारच. ११० वर्षांपूर्वी बांधकामानं जे साधलं, ते आज मोठ्या पडद्यावर फेरचित्रण दाखवून सहज साधता येतं. फक्त दाखवायची तयारी पाहिजे.

दुसरं. केसरी झाला की गाडी मिळते, मिरवणूक निघते. काहींना पोलीस उपअधीक्षकाची नोकरीही मिळाली, चांगलंच झालं. पण उपांत्य फेरीत हरलेल्याचं काय? आमच्याच तालमीतला एक गडी, तालुक्यात त्याच्या ढाकेला तोड नव्हती. गुडघा गेला. आज तो शहरात एका सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळी करतो. त्याच्या बापानं दोन म्हशी विकून त्याला बदाम-दूध घातलं होतं. अशा हजार घरांच्या खुराकावर तो एक किताब उभा असतो. आणि आपण त्याचेच दोन तुकडे करतो.

किताब दोन झाले की मान अर्धा-अर्धा होत नाही, तो संपतोच. नोकरीच्या अर्जावर, मानधनाच्या यादीवर उद्या सरकार विचारेल, तुम्ही कुठल्या संघटनेचे केसरी? पैलवानानं काय सांगायचं?

संघटनांची भांडणं कोर्टात चालायची तर चालू द्यात. पण ती मिटेपर्यंत दोन्ही बाजूंनी मिळून वर्षाला एकच स्पर्धा भरवावी, पंच दोघांनी मिळून नेमावेत, आणि वादाचा प्रत्येक निर्णय मैदानात सगळ्यांसमोर पुन्हा दाखवावा. ज्या नेत्यांचे मोठे फोटो फलकांवर असतात, त्यांनी एवढं तरी करून घ्यावं. अवघड आहे का?

निघताना पुतण्याला म्हटलं, सध्या दोन्ही फोटो लाव. त्यानं भिंतीकडं बघितलं आणि म्हणाला, "जागा एकाचीच ठेवलीय काका."