हाक पोचली, पण ऐकतंय कोण?

शॉर्टवेव्ह म्हटलं की आपल्याकडे रेडिओ सिलोन आणि बिनाका गीतमाला आठवते. तो आवाज ज्या कारणाने कोलंबोहून आपल्या घरात यायचा, त्याच कारणाने भर महासागरातल्या शिडाच्या बोटीचा आवाज हजारो किलोमीटर जातो. लहरी आयनोस्फिअरवरून परावर्तित होऊन खाली येतात. पण आवाज पोचणं वेगळं आणि तो कोणीतरी ऐकणं वेगळं. मला इंटरेस्ट आहे तो या दुसऱ्या भागात.

१९१२ साली टायटॅनिकपासून काही मैलांवर कॅलिफोर्नियन नावाचं जहाज थांबलेलं होतं. त्यावर रेडिओ ऑपरेटर एकच, सिरिल इव्हान्स. दिवसभराचं काम आटपून बिचारा रात्री साडेअकराच्या सुमारास झोपला, आणि ११:४० ला टायटॅनिक हिमनगावर आदळली. त्याला तरी काय बोलणार? पुढे चोवीस तास ऐकण्याची सक्ती आली आणि त्यासोबत एक झकास जुगाड आला: चार-चार सेकंदांच्या बारा 'डॅश' ओळीने पाठवायच्या, त्या ओळखून यंत्र झोपलेल्या ऑपरेटरला घंटा वाजवून उठवणार. बोलण्याच्या रेडिओवर २१८२ किलोहर्ट्झला दर अर्ध्या तासाची पहिली तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं, म्हणजे क्षीण हाकही ऐकू येईल. रेडिओरूमच्या घड्याळांवर ही मिनिटं चक्क रंगवलेली असायची.

या घंटेचा डिजिटल नातू म्हणजे डीएससी, अर्थात डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग. प्रत्येक बोटीला नऊ आकडी नंबर (भारताचे ४१९ ने सुरू होतात). नंबर टाकून कॉल केला की फक्त त्याच बोटीवर बेल वाजते, संकटाचा कॉल असेल तर सगळीकडे. शॉर्टवेव्हवर वेग किती? सेकंदाला १०० बिट! हसू नका. प्रत्येक चिन्हाचे दहा बिट, त्यात सात माहितीचे आणि उरलेल्या तिनांत त्या सातांमधल्या शून्यांची संख्या. शिवाय प्रत्येक चिन्ह दोनदा जातं, तेही लागोपाठ नाही, मध्ये चार चिन्हं सोडून. विजेच्या कडकडाटात एक प्रत गेली तरी दुसरी वाचते. आमच्या धंद्यातल्या कित्येक प्रोटोकॉलपेक्षा हे समंजस आहे :-) ८४१४.५ वर बेल वाजवायची आणि ८२९१ वर बोलायचं, असा साधा मामला.

आता खरी गोम. डिसेंबर १९९८ च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत ११५ बोटी निघाल्या, ४४ पोचल्या, सहा माणसं गेली. तिथे सगळी भिस्त बोलण्यावर होती. ठरलेल्या वेळी रेडिओवर हजेरी, एकेका बोटीचं नाव पुकारायचं, तिने आपली जागा सांगायची. २७ तारखेच्या दुपारच्या हजेरीत 'सोर्ड ऑफ ओरायन'ने शिरस्ता मोडून वाऱ्याचा भयंकर वेग सांगून टाकला. ते ऐकून काही बोटी मागे फिरल्या. सिलेक्टिव्ह कॉलने हे झालं नसतं, कारण ज्याचा नंबर लावला नाही त्याला ते ऐकूच आलं नसतं. पुढे त्याच बोटीवरचा ग्लिन चार्ल्स लाटेने ओढून नेला.

आणि त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १ फेब्रुवारी १९९९ ला, मोठ्या जहाजांवरची २१८२ ऐकण्याची सक्ती संपली. नव्या नियमांची सक्ती ३०० टनांपुढच्या मालवाहू आणि परदेशी जाणाऱ्या प्रवासी जहाजांना. यॉटवाल्याने डीएससी घ्यायचा की नाही ही त्याची मर्जी, पण नाही घेतला तर त्याच्या मेडेला जहाजांवर कान असतीलच असं नाही. हा व्यवहार मला एकतर्फी वाटतो. पैसे वाचले मोठ्यांचे, नवा सेट घ्यायचा धाकट्याने.

बरं, घेतला तरी यॉटवर अँटेना म्हणजे बहुतेक वेळा डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार. डोलकाठी मोडली की अँटेनाही जाते. गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'ची डोलकाठी २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात मोडली आणि अभिलाष टॉमीच्या पाठीच्या मणक्याला दुखापत झाली. त्याची हाक जगाला कळली ती उपग्रहावरून पाठवलेल्या छोट्या मेसेजमधून. २४ तारखेला फ्रान्सच्या 'ओसिरिस' जहाजाने त्याला उचललं.